कॉम्प्युटर कधीही बंद पडतो: आधी वही, मग स्क्रू ड्रायव्हर

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरचा असेंबल केलेला कॉम्प्युटर, रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, ४५० वॉटचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा), सगळं २०२० मध्ये घेतलेलं. दोन महिने झाले, दिवसातून एकदा-दोनदा मधेच जातो. कधी निळी स्क्रीन येते, कधी काहीच न सांगता रिस्टार्ट होतो, मुलगा गेम खेळत असताना जातो आणि नुसता चालू ठेवून जेवायला बसलं तरी जातो. दुकानवाल्याने दोनदा फॉरमॅट मारला, तिसऱ्यांदा म्हणाला मदरबोर्ड गेलाय. बदलू का?

नका बदलू. निदान आत्ता तरी नका. मी एकोणीस वर्षं हेच काम करतोय आणि माझ्या धंद्यातलंच गुपित सांगतो, "मदरबोर्ड गेलाय" हे वाक्य निम्म्या वेळा "मला कळत नाहीये" याच्या जागी येतं. डॉक्टर लोक "व्हायरल आहे" म्हणतात ना, तसंच. पण दोन फॉरमॅटचे पैसे अगदीच वाया गेले असं समजू नका, कारण नव्याकोऱ्या विंडोजवर पण तेच होतंय म्हटल्यावर व्हायरस, बिघडलेल्या फाइली, मुलाने टाकलेलं कुठलं तरी क्रॅक सॉफ्टवेअर या सगळ्यांवरचा संशय बऱ्यापैकी गेला. तिसरा फॉरमॅट मात्र कुणी कितीही म्हटलं तरी मारू देऊ नका.

आता पहिलं काम, आणि हे कुणी करत नाही म्हणून जरा जोर देऊन सांगतो. कॉम्प्युटरशेजारी एक वही आणि पेन ठेवा. आठ दिवस काही उघडायचं नाही, काही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. तारीख, वेळ, तेव्हा काय चालू होतं, आणि मेन म्हणजे गेला कसा. पंख्यासकट सगळं ठप्प होऊन बंद पडला, की डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात आपोआप परत सुरू झाला, की निळी स्क्रीन आली, की चित्र तसंच गोठलं आणि स्पीकरमधून टर्रर्र असा एकच आवाज येत राहिला. हे चार वेगवेगळे आजार आहेत आणि लोक चौघांनाही "बंद पडतो" एवढंच म्हणतात. त्याच वेळी घरात दुसरं काय झालं तेही लिहा, ट्यूब फडफडली का, मोटर चालू झाली का, फ्रिज घरघरला का.

वही का म्हणतो त्याचा एक किस्सा. शिकवणी घेणाऱ्या एक बाई होत्या, त्यांचा कॉम्प्युटर आठवड्यातून तीन-चारदा धाडकन बंद व्हायचा, त्यांनी आधीच दुसरीकडून रॅम बदलून घेतली होती, एसएमपीएस बदलून घेतला होता. मी दुकानात आणून दोन दिवस चालवला, काही नाही, एकदम शहाण्यासारखा चालला. परत नेला की सुरू. शेवटी म्हटलं बाई, लिहून ठेवा. दहा दिवसांनी वही बघितली तर प्रत्येक वेळेसमोर "प्रश्नपत्रिका काढत होते" किंवा "नोट्स काढत होते" असं. काढत होते म्हणजे प्रिंट काढत होत्या! लेझर प्रिंटर त्याच ६०० व्हीएच्या यूपीएसला लावलेला. लेझर प्रिंटर थंड असताना पहिली प्रिंट दिली की आतला कागद भाजणारा रोलर तापवायला एकदम आठशे-हजार वॉट ओढतो, आणि ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे खरे जेमतेम साडेतीनशे वॉट. यूपीएसने मान टाकली की कॉम्प्युटर गेला. दुसरी-तिसरी प्रिंट गरम रोलरवर निघायची, तेव्हा काही व्हायचं नाही, म्हणून त्यांना कधी संबंधच लागला नव्हता. प्रिंटरची पिन काढून भिंतीतल्या सॉकेटला लावली, झालं काम. त्याचे पैसे काय घेणार, चहा पिऊन आलो.

असो. वही चालू असतानाच विंडोजमध्ये दोन गोष्टी करून ठेवा. विंडोजचं बटण आणि आर दाबून सिस्डीएम डॉट सीपीएल टाइप करा, अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या सेटिंगमध्ये "ऑटोमॅटिकली रिस्टार्ट" समोरची टिक काढा. याने काय होतं, निळी स्क्रीन आली की ती तिथेच थांबते, मोबाइलवर फोटो काढता येतो. नाहीतर डोळ्यासमोरून निळं काहीतरी गेलं एवढंच कळतं. तिथेच खाली डंप फाइल, म्हणजे पडताना काय झालं त्याची नोंद, लिहायची सेटिंग असते, ती "स्मॉल मेमरी डंप" वर ठेवा.

दुसरं, इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज मधलं सिस्टिम. तिथे लाल खुणेचं "कर्नल पॉवर ४१" दिसेलच, आणि ते बघून अर्धे लोक लगेच नवीन एसएमपीएस आणतात. थांबा. ४१ नंबरचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज नीट शटडाउन झालं नव्हतं. ती नोंद पण परत चालू झाल्यावर पडते, म्हणजे पंचनामा आहे तो, गुन्हेगाराचं नाव नाही. पण त्याच नोंदीच्या डिटेल्समध्ये "बगचेक कोड" म्हणून एक आकडा असतो. तो शून्य असेल तर विंडोजला निळी स्क्रीन दाखवायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे वीज गेली, रिसेट झाला किंवा पार गोठला. शून्य नसेल तर निळी स्क्रीन येऊन गेली आणि तिचा कोड तोच. फक्त हा आकडा साध्या दशमानात असतो आणि स्क्रीनवर येतो तो हेक्समध्ये, म्हणजे इथे २९२ दिसला तर तो झीरो एक्स १२४ समजायचा. हे एक कळलं की निम्मं काम झालं. त्याच यादीत "डब्ल्यूएचईए लॉगर" नावाच्या नोंदी दिसल्या तर त्या वहीत वेगळ्या उतरवा, कारण तिथे प्रोसेसर स्वतः तक्रार करतोय की हार्डवेअरमध्ये चूक झाली.

निळ्या स्क्रीनच्या फाइली विंडोज फोल्डरमधल्या मिनिडंप मध्ये साठतात, त्या ब्लूस्क्रीनव्ह्यू नावाच्या छोट्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. तिथे मी सगळ्यात आधी काय बघतो सांगू? एका फाइलकडे बघतच नाही, पाच-सहा शेजारी शेजारी ठेवतो. दर वेळी एकाच ड्रायव्हरचं, म्हणजे एखादा भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, नाव येतंय, समजा ग्राफिक्सचा किंवा वायफायचा, तर तो ड्रायव्हर काढून नीट टाकायचा. पण आज एररचं नाव मेमरी मॅनेजमेंट, उद्या आयआरक्यूएल, परवा भलतंच, आणि ड्रायव्हरची नावं पण दर वेळी निराळी, तर ड्रायव्हर बिचारे सगळे निर्दोष आहेत, खालची जमीनच हलतेय. जमीन म्हणजे रॅम नाहीतर वीज.

तुमच्या केसमध्ये गेममध्ये पण जातो आणि रिकामा असताना पण जातो, निळी स्क्रीन पण येते आणि नुसता रिस्टार्ट पण होतो. माझा अंदाज याच दोघांवर आहे. त्यात रॅम तपासायला पैसे लागत नाहीत म्हणून तिथून सुरू करा.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये जा, चालू होताना डिलीट दाबत राहायचं, आणि रॅमचा एक्सएमपी, काही बोर्डांवर डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी म्हणतात, तो बंद करा. एक्सएमपी म्हणजे रॅमला तिच्या साध्या स्पीडपेक्षा जोरात पळवणं, १.२ व्होल्टची रॅम १.३५ व्होल्टवर ३२०० ला चालते. बहुतेकांकडे वर्षानुवर्षं नीट चालते, पण पाच वर्षांनी, धूळ-उकाडा खाऊन, एखादा जोड कमकुवत झाला की हीच पहिली कुरकुरते. एक्सएमपी बंद केला की ती २१३३, २४०० किंवा २६६६ वर येईल, मुलगा म्हणेल गेम स्लो झाला, म्हणू दे, चार दिवसांचा प्रश्न आहे. चार दिवस एकदाही गेला नाही तर चोर सापडला आणि खर्च शून्य.

तरीही गेला तर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर टाका आणि त्यावरून मशीन चालू करा. विंडोजमध्ये आपलं एक मेमरी टेस्ट असतं, त्याने काही सापडलं तर खरं, पण नाही सापडलं तर त्याच्यावर फार विश्वास ठेवू नका. मेमटेस्ट रात्री लावून झोपा, चार पास पूर्ण होऊ द्या. सकाळी एक जरी एरर दिसली तरी ती एररच, "एकच तर आहे" असं नसतं. एरर आली तर लगेच रॅम फेकून देऊ नका, मशीन बंद, पिन भिंतीतून बाहेर, पॉवरचं बटण एकदा दाबून आतला उरलेला करंट संपवा, मग दोन्ही रॅम काढून त्यांचे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, चुरा झटका, स्लॉटमध्ये ब्रश फिरवा आणि खट्ट असा आवाज येईपर्यंत दोन्हीकडून दाबून बसवा. हसू नका, आमच्याकडे येणाऱ्या रॅमच्या तक्रारींत कितीतरी इथेच मिटतात, पावसाळ्यात तर जास्तच. मग एकेक रॅम वेगळी तपासा, आधी प्रोसेसरपासून दोन नंबरच्या स्लॉटमध्ये लावून, मग आणखी एका स्लॉटमध्ये. एक रॅम दोन्ही स्लॉटला एरर देते तर रॅम खराब, आणि दोन्ही रॅम एकाच स्लॉटला एरर देतात तर स्लॉट, म्हणजे तेव्हा कुठे बोर्डाचं नाव घ्यायचं. बऱ्याच चांगल्या रॅमला दहा वर्षांची किंवा लाइफटाइम वॉरंटी असते, बिल शोधा.

रॅम स्वच्छ निघाली की वीज. आणि इथे आपल्याकडचं प्रकरण परदेशी व्हिडिओ बघून कळणार नाही. आधी भिंतीपासून सुरू करा. अनवाणी उभं राहून हाताच्या मागच्या बाजूने कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हळूच स्पर्श करून बघा, मुंग्या आल्यासारखं किंवा पत्रा खरखरीत असल्यासारखं लागतं का? बोट सरकवलं की बारीक करकर? तर त्या सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) कॅबिनेटला जोडलेले असतात, त्यांचा करंट अर्थमधून जमिनीत जायला हवा, अर्थच नसला की कॅबिनेट मेन लाइनच्या जवळपास अर्ध्या व्होल्टेजवर, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्टला तरंगत राहतं. करंट अगदी कमी असतो, पण मग पेन ड्राइव्ह लावला की हँग, टीव्हीची केबल जोडली की रिस्टार्ट, हेडफोनमध्ये गुणगुण असले भुताटकीचे प्रकार होतात. वायरमन बोलवा, न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजून घ्या, दोन-तीन व्होल्टच्या वर नको. आणि त्याने जर सॉकेटच्या आत न्यूट्रलची वायर अर्थला जोडून "झालं अर्थिंग" म्हटलं तर त्याला चहा देऊन घरी पाठवा, न्यूट्रल कुठं तुटली तर त्या जुगाडाने कॅबिनेटमध्ये पूर्ण २३० उतरतात. माणूस जातो त्याने.

मग इन्व्हर्टर. लाइट गेली की घरातले पंखे चालू राहतात पण कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो, वहीत असं दिसलं तर बिघाड नाहीच आहे. एसएमपीएस स्वतःच्या पोटातल्या विजेवर साधारण सोळा-सतरा मिलीसेकंद तग धरतो. आपल्या विजेची एक सायकलच वीस मिलीसेकंदांची. साध्या मोडवरचा घरगुती इन्व्हर्टर लाइनवरून बॅटरीवर यायला त्याहून जास्त वेळ घेतो, पंख्याला ते कळतही नाही, कॉम्प्युटरला कळतं. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे एक छोटा स्विच असतो, "यूपीएस मोड" लिहिलेला, तो टाकला की बदल दहा-एक मिलीसेकंदांत होतो. एसएमपीएस जुना होऊन त्याचे कपॅसिटर सुकले की त्याचे सोळाचे दहा होतात, मग जी झुळूक नव्या मशीनला जाणवतच नाही तिने जुनं आडवं होतं. आणि लाइट गेली नाही, नुसती डोळा मिचकावून आली, तरी पुरतं.

यूपीएस असेल तर त्याची बॅटरी बघा. छोट्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची एक बॅटरी असते, ती दोन-तीन वर्षांत संपते आणि संपल्याचं सगळेच यूपीएस ओरडून सांगत नाहीत. एक दिवस यूपीएस बाजूला काढून कॉम्प्युटर थेट सॉकेटला लावून चालवा. जायचा थांबला तर यूपीएस गुन्हेगार. हे इतकं साधं आहे आणि इतक्या लोकांनी केलेलं नसतं की मला दर वेळी नवल वाटतं.

एसएमपीएस मोजायचा तर मल्टिमीटरवर १२ व्होल्टची लाइन गेम चालू असताना ११.४ ते १२.६ मध्ये हवी. त्याच्या खाली गेली तर निकाल लागला. पण बरोबर दाखवली म्हणून एसएमपीएस निर्दोष सुटत नाही, कारण क्षणभर बसणारा झटका मीटरला दिसत नाही. खरी परीक्षा एकच, ओळखीच्याकडून चांगला एसएमपीएस दोन दिवस मागून लावून बघणं. एक कळकळीची विनंती, मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या निघणारा, एसएमपीएस असेल तर जुन्याच्या केबली नव्याला लावू नका, टोकं सारखी दिसतात, आतली जोडणी वेगळी असते, आणि मग हार्ड डिस्क जळाल्याचा वास सगळ्या घरात पसरतो. मी एकदा केलंय. गिऱ्हाइकाच्या मशीनवर नाही, स्वतःच्या, म्हणून वाचलो.

रायझनवाल्यांसाठी एक खास गोष्ट, कारण तुमचा रिकामा असतानाही जातो. हे प्रोसेसर काम नसलं की इतके गाढ झोपतात की १२ व्होल्टच्या लाइनवर जवळजवळ काहीच ओढत नाहीत, आणि काही स्वस्त किंवा जुन्या एसएमपीएसला एवढा कमी लोड झेपत नाही. बायोसमध्ये एएमडी सीबीएस नावाच्या भागात "पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल" असतं, ते ऑटोवरून "टिपिकल करंट आयडल" वर टाका. वीज किंचित जास्त जाईल. जेवायला गेल्यावर पडणारी मशीनं मी याच एका सेटिंगने उभी केलेली आहेत. पण एक्सएमपी बंद करून बघताय त्याच दिवशी हे करू नका. एका वेळी एकच बदल, मधे तीन-चार दिवस, आणि वहीत नोंद, नाहीतर बरं झालं तरी कशाने झालं ते कळणार नाही.

उष्णतेबद्दल थोडक्यात, कारण लोक सगळ्यात आधी तिकडेच बोट दाखवतात. ३६०० ची कमाल ९५ अंश आहे, त्याच्या आसपास तो आधी स्वतःचा वेग कमी करतो, लगेच मरत नाही. जेवताना रिकामा बसून बंद पडणारं मशीन सहसा गरम होऊन जात नाही. तरी एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर टाकून तापमानाचे आकडे बघा, गेममध्ये ८५ च्या वर राहत असेल तर धूळ काढा आणि प्रोसेसर-कूलरमधली पेस्ट बदला. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, भिंगरीसारखी फिरू देऊ नका. आणि कूलर काढायच्या आधी मशीन पंधरा मिनिटं चालवून पेस्ट कोमट करा, मग बंद करून, पिन काढून, चारही स्क्रू सोडून कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळत उचला. सरळ वर ओढला तर सुकलेल्या पेस्टला चिकटून अख्खा प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, या प्रोसेसरच्या पिना त्याच्या पोटाला असतात, त्या वाकल्या की भिंग आणि पट्टी घेऊन बसायची वेळ येते.

ग्राफिक्स कार्डाची अडचण अशी की ३६०० मध्ये स्वतःचं डिस्प्ले नाही, त्यामुळे कार्ड काढून चालवून बघता येत नाही, कुणाचं तरी साधं कार्ड उसनं आणावं लागेल. वहीत फक्त गेममध्येच, आणि निळ्या स्क्रीनवर व्हिडिओ टीडीआर, म्हणजे ग्राफिक्सने वेळेत उत्तर दिलं नाही, असं येत असेल तरच त्या वाटेला जा. हार्ड डिस्क किंवा एसएसडी क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये बघा, सी५ किंवा ०५ (डिस्कवरच्या खराब जागांच्या नोंदी) समोरचा आकडा वाढत असेल तर आजच फोटो आणि कागद दुसरीकडे उतरवून घ्या, बाकी दुरुस्ती नंतर. सी७ (डेटा पोचताना झालेल्या चुका) वाढत असेल तर बहुधा डिस्क बरी आहे, तिची साटा केबल बदला.

एक फुकटचा उपाय राहिला. कॅबिनेटच्या पुढच्या रिसेट बटणाची दोन पिनांची वायर बोर्डावरून काढून टाका. स्वस्त कॅबिनेटमध्ये ते बटण आत अडकून बसतं, जरा टेबल हललं की रिसेट. पुढचा यूएसबी पोर्टही बघा, आतली जीभ वाकून पिना एकमेकींना लागल्या असतील तर त्या पोर्टची वायरही काढून ठेवा.

एवढं सगळं होऊनही पडत असेल तर मग बोर्ड. तेव्हाही तो कॅबिनेटमधून बाहेर काढून त्याच्याच खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवून एक दिवस चालवा, मागे एखादा सुटा स्क्रू अडकून शॉर्ट होत असेल तर तिथे कळेल. कपॅसिटरची डोकी फुगली आहेत का, प्रोसेसरच्या पॉवरच्या जागी काळं पडलंय का, टॉर्च मारून बघा. दुकानात नेणार असाल तर वही आणि मिनिडंपच्या फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन जा, रॅमच्या आणि कार्डाच्या सीरियल नंबरचे फोटो आधी काढून ठेवा, आणि बोर्ड बदललाच तर जुना परत मागा. देत नाही म्हणाला तर बदलला का नाही तेच आधी विचारा.